कूतचे कैदी आणि आमच्या नावांचा प्रश्न

दरवर्षी ३१ डिसेंबरच्या रात्री आमच्या वणीतून भीमा कोरेगावला गाड्या निघतात. पहाटेच्या थंडीत आम्ही विजयस्तंभापुढे उभे राहतो, मानवंदना देतो आणि मग स्तंभावर कोरलेली नावे वाचायला लागतो. आमची पोरे त्या नावांत एकच गोष्ट शोधतात. ज्या नावाच्या शेवटी 'नाक' आहे ते आपले. मेलेल्यांच्या ४९ नावांपैकी २२ नावे अशी आहेत, हे आता शाळकरी मुलालाही पाठ आहे.

गेल्या वेळी परतीच्या वाटेवर एका कॉलेजच्या पोराने विचारले, "१८१८ च्या माणसांची नावे आपल्याला माहीत आहेत. मग त्यानंतर शंभर वर्षांनी पहिल्या महायुद्धात जे गेले त्यांची का नाहीत?"

प्रश्न साधा होता. उत्तर शोधायला बसलो तेव्हा मात्र आम्ही थेट इराकच्या वाळवंटात जाऊन पोहोचलो. मित्रहो, हा लेख त्या पोराला दिलेले उत्तर आहे.

आधी दार बंद केले

कोरेगावच्या लढाईत कंपनीच्या फौजेत महार होते. त्याआधी होते आणि त्यानंतरही अनेक वर्षे होते. बाबासाहेबांचे आजोबा मालोजी फौजेत होते, वडील रामजी सकपाळ सुभेदार झाले. फौजेने आमच्या माणसाला तीन गोष्टी दिल्या: रोख पगार, अंगावर गणवेश आणि मुलांना शाळा. गावकीत यातली एकही मिळत नव्हती. म्हणून आमची माणसे फौजेत गेली. ज्यांना यात फक्त 'इंग्रजांची चाकरी' दिसते, त्यांनी आधी गावाने आम्हाला कोणती चाकरी दिली होती ते सांगावे.

पण इंग्रज काही आमचा उद्धारक नव्हता. १८५७ नंतर त्याने 'लढवय्या जाती'चे शास्त्र रचले आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद केली. ज्या माणसांच्या नावाने त्याने स्वतःच स्तंभ उभारला होता, त्याच माणसांना तो म्हणाला, तुम्ही लढवय्ये नाही. सवर्ण शिपाई अस्पृश्याच्या हाताखाली उभा राहायला तयार नाही, ही सबब त्याला पुरली. मनूची व्यवस्था इंग्रजाने मोडली नाही, ती त्याने भरतीच्या नियमात बसवली.

आमची माणसे गप्प बसली नाहीत. फौजेतून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला. सुभेदार रामजींनी खटपट केली. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्याकडे मागणी केली. दार उघडले नाही.

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हा परिस्थिती अशी होती: महार माणसाला बंदूक घेऊन युद्धावर जायला बंदी, पण झाडू, पखाल, डोली आणि खेचराचा लगाम घेऊन जायला मोकळीक.

पुण्याची डिव्हिजन आणि कूतचा वेढा

नोव्हेंबर १९१४ मध्ये इराणी आखातातून फौज उतरली ती सहावी पूना डिव्हिजन. नावातच पुणे. तिच्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. त्यांत घाटावरचे आणि कोकणातले मराठे होते, दख्खनी मुसलमानही होते. बसरा घेतले, मग नदीच्या काठाकाठाने फौज वर सरकत गेली. सेनापती होता जनरल टाउनशेंड. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोनला मोठी लढाई झाली. हजारो माणसे कापली गेली आणि फौज मागे फिरली. टायग्रिसच्या वळणावर कूत अल-अमारा नावाचे धुळीचे गाव होते, तिथे ती थांबली. ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांनी वेढा घातला.

वेढा जवळजवळ पाच महिने चालला. सुटकेसाठी आलेल्या फौजेची २० हजारांहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली, तरी वेढा फुटला नाही. विमानातून धान्याची पोती टाकली, ती पुरली नाहीत. शेवटी शेवटी माणशी दिवसाला मूठभर पीठ उरले. घोडे आणि खेचरे मारून खाणे एवढाच उपाय राहिला.

इथे जात आडवी आली. समोर भूक होती, हिरड्या सडत होत्या, माणसे स्कर्व्हीने मरत होती, तरी बरेच हिंदी शिपाई घोड्याचे मांस खायला तयार नव्हते. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी मागवली, ती आली, तरीही महिनोन्‌महिने बहुतेकांनी हात लावला नाही. त्यांचे म्हणणे होते, परवानगी ठीक आहे, पण गावाला कळले तर गाव वाळीत टाकेल, घरात कोणी मुलगी देणार नाही. शत्रूची गोळी शंभर हातांवर होती आणि गावची भीती हजारो मैलांवर. तरी त्यांना गावचीच भीती जास्त वाटली. जात म्हणजे काय हे समजावून सांगायला याहून वेगळा दाखला लागत नाही.

आमच्या लोकांच्या बाबतीत हीच व्यवस्था उलटी चालत होती. मेलेले ढोर ओढायचे आणि त्याचे मांस खायचे, हा गावाने आमच्यावर लादलेला 'हक्क' होता. एकाने खाल्ले तर तो बाटतो आणि दुसऱ्याने खाल्ले नाही तर त्याला मारहाण होते. महाडला १९२७ मध्ये बाबासाहेबांनी मृत मांस सोडा असे सांगितले ते या संदर्भात वाचा, म्हणजे तो स्वाभिमानाचा केवढा मोठा हुकूम होता ते कळेल.

२९ एप्रिल १९१६

या दिवशी कूत शरण गेले. सरकारी इतिहासात मोजदाद दिली आहे. २७७ इंग्रज अधिकारी, २०४ हिंदी अधिकारी, २,५९२ गोरे शिपाई, ६,९८८ हिंदी शिपाई आणि ३,२४८ 'फॉलोअर'. एकूण १३ हजारांहून अधिक माणसे तुर्कांच्या कैदेत गेली.

हा शेवटचा शब्द नीट ऐका. फॉलोअर, म्हणजे मागून येणारा. भिश्ती, भंगी, डोलीवाला, धोबी, लंगरी, खेचरवाला. ज्यांच्या हातचे पाणी आणि ज्यांच्या हाताची सफाई नसेल तर एकही पलटण आठवडाभर टिकत नाही, ती माणसे. फौजेच्या कागदावर जातींची उतरंड अशी बसली होती: वर लढणारा, खाली सेवा करणारा. सेवा करणाऱ्याचा पगार कमी, रेशन कमी, कपडा हलका. साऱ्या युद्धात हिंदुस्थानातून सुमारे ११ लाख माणसे परदेशी गेली, त्यांतली पावणेपाच लाखांच्या आसपास अशी बिनलढाऊ होती. ज्यांना बंदुकीला हात लावायची मनाई होती, त्या अस्पृश्य जातींना १९१७ पर्यंत या रांगेतूनच युद्धावर जाता येत होते.

शरणागतीनंतर काय झाले? अधिकाऱ्यांना वेगळे काढून बोटीने वर नेले. शिपाई आणि फॉलोअर पायी निघाले. कूत ते बगदाद शंभर मैल. त्यापुढे मोसूल, त्यापुढे सिरियाच्या कडेला रास अल-ऐन. पायात बूट नाही, पोटात अन्न नाही, पाच महिन्यांच्या उपासमारीने खंगलेली शरीरे, डोक्यावर मे-जूनचे ऊन. मागे पडणाऱ्याला पहारेकऱ्याचा मार. बसला तो उठला नाही.

जे पोहोचले त्यांना बर्लिन-बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपले. रूळ टाकणे, भराव घालणे, डोंगरात बोगदे खणणे. रास अल-ऐनला त्याच काळात आर्मेनियन लोकांचे तांडे हाकलून आणले जात होते आणि मारले जात होते. आमच्या देशाच्या कैद्यांनी ते डोळ्यांनी पाहिले. मग तापाची साथ आली.

हिशेब असा लागला. हिंदी शिपाई आणि फॉलोअर मिळून कैदेत १,२९० जण मेल्याची नोंद झाली. आणखी १,७७३ जणांचा 'पत्ता लागला नाही'. साध्या गोऱ्या शिपायांचे हाल तर प्रमाणाने याहून वाईट झाले. २,५९२ पैकी १,७०० हून अधिक मेले. हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण आमचा वाद माणसाच्या कातडीशी नाही. इंग्लंडमधल्या गिरणी कामगाराचा पोरगा त्याच वाटेवर मेला आणि त्याचा जनरल मात्र मजेत राहिला.

टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला, नोकर मिळाले. कैदेत असतानाच त्याच्या सरकारने त्याला 'सर' केले. त्याचा एक आवडता कुत्रा होता. तुर्कांनी दिलदारपणे तो कुत्रा इंग्रजांच्या ठाण्यावर पोहोचवला आणि पुढे तो मालकाला भेटलाही. त्या कुत्र्याचे नाव स्पॉट. इतिहासाच्या पुस्तकांत ते छापलेले आहे.

कुत्र्याचे नाव आहे. १,७७३ माणसांची नावे त्या पुस्तकांत नाहीत. बस, एवढेच आमचे म्हणणे आहे.

ज्या एका कैद्याचे नाव उरले

या हिंदी कैद्यांपैकी एकाचे आयुष्य आणि मरण मात्र तपशीलवार माहीत आहे. कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी. बंगालचे डॉक्टर, फौजेच्या वैद्यकीय सेवेत अधिकारी. कूतच्या वेढ्यात त्यांनी जखमींची सेवा केली, त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला. आघाडीवरून ते घरी पत्रे लिहीत. युद्ध पाहता पाहता या माणसाला प्रश्न पडू लागले. देशभक्तीच्या नावाने माणसे दुसऱ्याचा मुलूख हिसकावतात आणि त्याला पराक्रम म्हणतात, याचा त्यांना उबग आला, असे त्यांच्या पत्रांतून दिसते. शरणागतीनंतर ते कैद्यांबरोबर रास अल-ऐनला गेले, तिथेही रुग्णांचे काम करत राहिले आणि १९१७ मध्ये तापाने तिथेच मेले. पस्तिशीच्या आतबाहेरचा माणूस.

हे सगळे आपल्याला कळते कसे? त्यांच्या आजीमुळे. मोक्षदा देवी. ऐंशीच्या घरात असलेल्या या बाईने नातवाची पत्रे जपली, ती समोर ठेवून त्याचे चरित्र लिहिले आणि १९२८ मध्ये 'कल्याण-प्रदीप' नावाने ते छापले. शिशिर सर्वाधिकारी नावाचा आणखी एक बंगाली तरुण कूतला कैद झाला होता. रुग्णसेवेच्या तुकडीतला साधा स्वयंसेवक. त्याने कैदेत कागदाच्या तुकड्यांवर टिपणे ठेवली, ती बुटात लपवली आणि पुढे त्यांतून पुस्तक झाले.

कल्याणकुमारांबद्दल आम्हाला आदरच आहे. पण त्यांच्या शेजारच्या तंबूत जो भिश्ती मेला, त्याची आजी कुठे होती? तीही नातवाची वाट पाहत बसली असेल. तिच्याजवळ पत्र नव्हते, कारण नातवाला लिहिता येत नव्हते. आले असते तरी तिला वाचता येत नव्हते, कारण तिच्या सात पिढ्यांना अक्षराची बंदी होती. एका आजीच्या हातात लेखणी होती म्हणून एक कैदी इतिहासात जगला. ज्योतिबा आणि सावित्रीमाईंनी पुण्यात शाळा कशासाठी काढल्या आणि बाबासाहेबांनी 'शिका' का म्हटले, याचे उत्तर रास अल-ऐनच्या वाळूत पुरलेले आहे. शिक्षण फक्त नोकरी देत नाही. आपला माणूस मेला तर तो मेला, असा होता, इथे पडला, हे जगाला सांगण्याची ताकद देते.

स्मारकावरची माणसे, स्मारकावरचे आकडे

इंग्रजांनी स्मारके बांधली नाहीत असे नाही. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर नसलेल्या ४० हजारांहून अधिक माणसांसाठी १९२९ मध्ये बसऱ्याला मोठे स्मारक उघडले. गोऱ्या शिपायाचे नाव भिंतीवर कोरले. हिंदी अधिकाऱ्याचेही कोरले. साध्या हिंदी शिपायासाठी मात्र पलटणीचे नाव आणि पुढे आकडा. तीस हजारांहून अधिक माणसे अशी आकड्यात गेली.

आपल्या महाराष्ट्रातही अनेक गावांत चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी असते. या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतके मेले. किती गेले ते आहे, कोण गेले ते नाही. मराठा शेतकऱ्याचा पोरगाही त्या पाटीवर आकडाच आहे. म्हणून आम्ही म्हणतो, नावाचा प्रश्न एका जातीचा नाही. फरक एवढाच की शिपायाला निदान पलटण होती. फॉलोअरला तीही नव्हती.

एप्रिल २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने स्वतःच्या चौकशीचा अहवाल प्रसिद्ध केला. आशिया-आफ्रिकेतल्या ४५ ते ५४ हजार मृतांना असमान वागणूक मिळाली आणि किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, माणसांची नावाने नोंदच केली गेली नाही असे त्यांनी मान्य केले. कारणही मान्य केले: वंशभेद. माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना, मागितली.

आता एक प्रश्न आपल्याच लोकांना. इंग्रजाने वंशभेदाची माफी मागितली. ज्या जातिभेदामुळे आमची माणसे शिपाई न होता फॉलोअर झाली, त्याची माफी आजवर कोणी मागितली?

दार उघडले, पुन्हा बंद केले

कूतने आणखी एक गोष्ट केली. माणसे संपली. नवी भरती हवी होती. जी सबब पंचवीस वर्षे टिकली ती एका वर्षात गळून पडली. १९१७ मध्ये महारांची भरती पुन्हा सुरू झाली, बेळगावला १११ वी महार पलटण उभी राहिली. आमच्या नेत्यांच्या अर्जांनी जे झाले नाही ते मुडद्यांच्या ढिगाने झाले. युद्ध संपले आणि १९२१ पर्यंत ही पलटणही मोडीत काढली. गरज सरो, वैद्य मरो. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेबांनी पुन्हा जोर लावला तेव्हा ऑक्टोबर १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, ती आजही आहे.

यातून शिकायचे ते हे. आमचा पराक्रम नव्हता म्हणून दार बंद नव्हते. दाराची किल्ली दुसऱ्याच्या हातात होती म्हणून ते बंद होते.

फौजेतून परतलेल्या माणसांनी ही गोष्ट मनात ठेवली. आमचा वणीचा भाग दिंडोरी तालुक्यात येतो. याच तालुक्यातल्या आंबे गावात १९०२ मध्ये दादासाहेब गायकवाड जन्मले. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिर सत्याग्रहाची मिरवणूक निघाली तेव्हा तिच्या पुढे लष्करी बँडमध्ये तयार झालेले वादक होते. साम्राज्यासाठी शिकलेली कवायत माणुसकीच्या हक्कासाठी वापरली गेली. देवळाचे दार उघडले नाही, पण रांग मोडली नाही. ती शिस्त कुठून आली होती ते विसरू नका.

आता काम

पंजाबकडे पाहा. लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या जुन्या नोंदवह्यांतून ३ लाख २० हजार सैनिकांच्या नोंदी संगणकावर आणण्याचे काम इंग्लंडमधल्या पंजाबी लोकांनी विद्यापीठाला बरोबर घेऊन हाती घेतले. आज तिथला नातू गावाचे नाव टाकून पणजोबा शोधतो. महाराष्ट्रात हे का होऊ नये? सरकार करील तेव्हा करील. आपण आपल्या तालुक्यापासून सुरुवात करू.

तरुण मित्रांनो, पुढच्या १ जानेवारीच्या आधी एवढे करा. गावात पाटी असेल तर तिचा फोटो काढा आणि आकड्यासमोर नावे लिहायला घ्या. म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. "आमचा एक आजा बसऱ्याला गेला तो आलाच नाही" एवढे वाक्यही टिपून ठेवा. घरात जुना पेन्शनचा कागद, डिस्चार्जचे पुस्तक असेल तर त्याची प्रत काढा.

आणि आजीच्या पेटीत जुना गोल बिल्ला सापडला तर तो मोडीत विकू नका. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी जे पदक वाटले त्यातही उतरंड होती. लढणाऱ्याला चांदीचे, मजूर आणि फॉलोअर तुकड्यांतल्या माणसाला बहुधा काशाचे. सोनार काशाला भाव देत नाही म्हणून घराघरांतून ती पदके भांड्याच्या भावात गेली. पण त्याच्या कडेवर, जिथे बोटाचे नखही नीट टेकत नाही तिथे, बारीक अक्षरांत काही ठोकलेले असते. उजेडात धरा, कड फिरवत फिरवत वाचा. नंबर, हुद्दा, तुकडी.

आणि माणसाचे नाव.

ते नाव वहीत लिहा. कोरेगावच्या दगडावर दुसऱ्याने लिहिलेली नावे आपण दोनशे वर्षे वाचली. आता लेखणी आपल्या हातात आहे.

जय भीम!